टर्बो गाडीत अँटी-लॅग टाकावं का? नागपूरच्या उन्हातला आणि रस्त्यांवरचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १.० लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर. रोजचं येणं-जाणं वर्धा रोड ते हिंगणा एमआयडीसी, आणि महिन्यातून एखाद्या वेळी समृद्धीवरून लांबचा प्रवास. स्टेज १ रिमॅप, म्हणजे भाग न बदलता इंजिनाच्या सॉफ्टवेअरची सेटिंग बदलणं, झालेलं आहे. आता ते करून देणारा ट्यूनर म्हणतो, 'थोडे पैसे वाढवा, अँटी-लॅग टाकून देतो. पिकअप लगेच मिळेल आणि सायलेन्सरमधून फटाकेही वाजतील.' टाकावं का?

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारं यंत्र. पाय दाबल्यावर ते वेग घेईपर्यंतचा उशीर म्हणजे लॅग, आणि तो होऊ नये म्हणून पाय उचलल्यावरही टर्बो फिरता ठेवणं म्हणजे अँटी-लॅग. रस्त्यावरच्या गाडीत टाकू नका. फक्त शर्यतीसाठी ठेवलेली गाडी असेल, तिला मोठा टर्बो असेल आणि टर्बो आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर टर्बोपर्यंत नेणारी नळी) बदलायची तयारी असेल, तर त्याचा उपयोग खरा आहे. पण ट्यूनर इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकतो आहे. त्या आधी सुट्या करायला हव्यात, नाहीतर पैसे एका गोष्टीचे जातील आणि हाती दुसरीच येईल.

पहिली गोष्ट फटाक्यांची. ॲक्सिलरेटर सोडला की कंपनीच्या मॅपमध्ये इंधन जवळजवळ लगेच बंद होतं. फटाक्यांच्या मॅपमध्ये ते सेकंद-दोन सेकंद चालू ठेवतात आणि स्पार्क उशिरा देतात, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथे पेटतं. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मात्र बंदच असतो. हवाच नाही म्हटल्यावर टर्बाइनला, म्हणजे टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या चाकाला, फिरवणार काय? आवाज येतो आणि टर्बोचा वेग तेवढ्याच जोरात पडतो. याला अँटी-लॅग म्हणणं म्हणजे हॉर्नला इंजिन म्हणण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट लाँच कंट्रोल, म्हणजे टू-स्टेप. गाडी उभी, क्लच दाबलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण, आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) काही सिलिंडरांचा स्पार्क कापून आरपीएम एका आकड्यावर धरून ठेवतो. यात बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) तयार होतो, पण फक्त सुटताना. चालत्या गाडीतल्या लॅगशी त्याचा संबंध नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे खरं अँटी-लॅग. ते समजायला टर्बाइन कशावर चालतं ते बघावं लागतं: वायू किती येतो, किती गरम येतो आणि किती दाबाने येतो. पाय उचलला की थ्रॉटल मिटतो, वायूचा प्रवाह एकदम आटतो आणि शाफ्टचा वेग घसरतो. खऱ्या अँटी-लॅगमध्ये पाय उचलला तरी थ्रॉटल थोडा उघडा राहतो किंवा बाजूच्या व्हॉल्व्हमधून हवा येत राहते. इंधन चालू असतं. आणि स्पार्क, जो एरवी पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या १० ते ३० अंश आधी पडतो, तो वरच्या टोकानंतर २० ते ४० अंशांवर पडतो. तोवर पिस्टन खाली निघालेला असतो, त्यामुळे ढकलायला फारसं काही उरत नाही. जळण चालू असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि उरलेली आग मॅनिफोल्डमध्ये जाते. इंजिन श्वास घेत राहतं, ताकद जवळजवळ देत नाही, आणि टर्बाइनला मात्र दाब आणि उष्णता दोन्ही मिळतात.

ही कल्पना काही परकी नाही. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पहिला अर्धा मिनिट आवाज जरा घोगरा आणि आरपीएम चढा असतो ना, तेव्हा ईसीयू स्पार्क मुद्दाम उशिरा देऊन कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापवत असतो. तत्त्व तेच आहे. फरक असा की तिथे हवा थोडी असते, वेळ थोडा असतो, आणि कंपनीने ते सोसणाऱ्या भागांचा हिशोब आधीच केलेला असतो.

अँटी-लॅग वाढलं ते १९९० च्या दशकात, जागतिक रॅलीत. तिथल्या टर्बो गाड्यांना कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या) तोंडाशी ३४ मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर सक्तीचा झाला. हवेचं तोंडच बांधल्यावर वरच्या आरपीएमला ताकद वाढवायला जागा राहिली नाही. मग संघांनी सगळी मेहनत मधल्या आरपीएमच्या टॉर्कवर आणि पाय ठेवताक्षणी मिळणाऱ्या प्रतिसादावर घातली. टोयोटाने १९९४ मध्ये सेलिका जीटी-फोरची रॅलीच्या मान्यतेपुरती जी आवृत्ती काढली, तिच्यात अँटी-लॅगचे भाग बसवलेले होते, पण रस्त्यावरच्या ग्राहकासाठी ते निष्क्रिय ठेवले होते. भाग गाडीत असूनही बनवणाऱ्यानेच ते चालू केले नाहीत, यातच बरंच उत्तर आलं.

आता तुमच्या गाडीचं. टर्बोच्या फिरत्या भागाचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घातात वाढतं. चाक ४० मिलिमीटरचं असेल आणि त्याच घडणीचं ६० मिलिमीटरचं घेतलं, तर व्यास दीडपट, जडत्व साडेसात पट. म्हणून मोठ्या टर्बोत लॅग खराखुरा जाचतो. तुमच्या १.० लिटरवर अगदी छोटा टर्बो आहे. या वर्गातल्या आपल्याकडच्या गाड्या बघा: फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय १७८ न्यूटन मीटर टॉर्क १७५० आरपीएमपासून देतं, ह्युंदाई आय२० एन लाइन १७२ न्यूटन मीटर १५०० पासून. एवढ्या खाली पूर्ण टॉर्क मिळत असताना अँटी-लॅग वाचवणार किती? २५०० आरपीएमच्या वर चालत्या गाडीत सेकंदाचा एखादा अंश. तो शर्यतीत लाख मोलाचा आहे. ऑटोमोटिव्ह चौकाच्या सिग्नलवर त्याला काही किंमत नाही.

तरीही 'गाडी दबते' ही तक्रार खोटी नसते. फक्त तिचं कारण बहुतेक वेळा लॅग नसतं.

लॅग आणि बूस्ट थ्रेशोल्ड यांची सरमिसळ सगळ्यात जास्त होते. समृद्धीवर सहाव्या गिअरमध्ये अगदी कमी आरपीएमला पाय दाबला आणि गाडी उठली नाही, तर तो थ्रेशोल्ड आहे: त्या आरपीएमला बूस्ट करण्याएवढा एक्झॉस्ट वायूच नाही. कितीही वाट बघा, गाडी निवांतच उठेल. यावर उपाय गिअर खाली टाकणं. लॅग म्हणजे ३००० आरपीएमला, जिथे बूस्ट मिळायलाच हवा तिथे, पाय दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा वेळ. छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानी घाटात वळणातून निघताना दुसऱ्या गिअरमध्ये जे जाणवतं, ते बऱ्याच अंशी खरं लॅग. तिथेही वळणाच्या पोटातच पाय हलका टेकवून ठेवला तर निम्मं काम होतं.

दुसरं कारण पेडल. आजचा थ्रॉटल तारेवर नाही, ईसीयूच्या मर्जीवर चालतो, आणि कंपन्या धूर-प्रदूषणाच्या आणि गिअरबॉक्सच्या काळजीपोटी तो सावकाश उघडतात. रिमॅपमध्ये टॉर्कची मागणी वाढवली पण तिच्या चढाचा वेग जुनाच ठेवला, तर गाडी वर जोरदार आणि खाली सुस्त वाटते. हे ट्यूनरने फाइलमध्येच नीट करायचं काम आहे. वेगळा 'पेडल बॉक्स' घेऊन काही साधत नाही. पाव पेडलला अर्ध्या पेडलचा सिग्नल जातो एवढंच.

तिसरं कारण आपलं ऊन, आणि याचा हिशोब फार कमी लोक करतात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, म्हणजे हवेचा दाब साडेतीन टक्क्यांनी कमी. मे महिन्यात ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा आणखी सहा टक्क्यांनी विरळ. दोन्ही मिळून, किनाऱ्यावरच्या सुखद सकाळीपेक्षा इंजिनाला जवळपास १० टक्के कमी हवा मिळते. तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. शिवाय ४५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती १४५ अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. ती थंड करायला इंटरकूलरवर येणारा वाराही ४५ अंशांचा, सिमेंट रोडवर त्याहून गरम. इनटेकचं तापमान ६०-६५ च्या वर गेलं की ईसीयू नॉक (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळायला स्पार्क मागे घेतो आणि बूस्टची मागणीही उतरवतो. एप्रिलनंतर 'गाडीचा लॅग वाढला' असं जे वाटतं, ते हे. इथे एक्झॉस्टमध्ये आणखी आग लावणं म्हणजे तापलेल्या माणसाला शेगडीजवळ बसवणं.

म्हणून एक पैसाही खर्च करायच्या आधी मोजा. चांगला ओबीडी ॲडाप्टर (गाडीच्या संगणकातली माहिती मोबाइलवर दाखवणारा) घ्या आणि मोबाइलवर एवढं नोंदवा: आरपीएम, पेडलची स्थिती, थ्रॉटलची स्थिती, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, इनटेक तापमान, इग्निशन टायमिंग आणि दिसत असेल तर वेस्टगेटची (टर्बाइनला चुकवून जास्तीचा धूर सोडणाऱ्या झडपेची) स्थिती. आउटर रिंग रोडवर पहाटे, मोकळा पट्टा बघून, तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमला स्थिर चालवा आणि पेडल एका दमात पूर्ण दाबा. ४५०० ला सोडा. असं तीनदा करा, मध्ये दोन-दोन मिनिटांचा आराम ठेवा. वेगमर्यादा ओलांडू नका, आणि सोबतचा माणूस फोन धरेल असं बघा. मागितलेल्या बूस्टच्या ९० टक्क्यांपर्यंत साधारण एक-दीड सेकंदात पोचत असेल, तर टर्बो निरोगी आहे आणि तक्रार दुसरीकडे शोधा. मागणीच हळू चढत असेल तर दोष मॅपचा. मागणी झटकन चढते आणि मिळालेला बूस्ट मागून रखडतो, तर हार्डवेअर बघा.

हार्डवेअरमध्ये पहिला संशय गळतीवर. टर्बो ते इंटरकूलर, इंटरकूलर ते थ्रॉटल: प्रत्येक होज आणि क्लॅम्प. नुसतं डोळ्यांनी दिसत नाही, दाब द्यावा लागतो. एअर फिल्टरनंतरचा पाइप काढून टर्बोच्या तोंडाला बूच बसवा, रेग्युलेटर लावून कॉम्प्रेसरची हवा हळूहळू द्या आणि एक बारच्या पलीकडे जाऊ नका. इंजिन ऑइलचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये साठून सील सरकतात. मग साबणाचं पाणी फवारा. बुडबुडा आला तिथे गळती. दुसरा संशय डायव्हर्टर व्हॉल्व्हवर, म्हणजे पाय उचलल्यावर साठलेला बूस्ट सोडणाऱ्या झडपेवर, ज्यात पडदा फाटतो. तिसरा वेस्टगेटवर: फ्लॅपची पिन झिजली की तो नीट बसत नाही, थंड इंजिनवर खळखळ येते आणि बूस्ट उशिरा येतो. इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर बदलला असेल तर स्कॅनरने त्याचं ॲडाप्टेशन (ईसीयूला नव्या भागाची ओळख) करून घ्या. ते न करता गाडी परत दिल्याने 'नवीन टाकलं तरी तेच' असं होतं.

एअर फिल्टर आपल्याकडे मॅन्युअलमधल्या किलोमीटरवर बदलून भागत नाही. सिमेंट रस्त्यांची धूळ आहेच, आणि कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला रोज जाणं असेल तर वीज केंद्रांची राखही. फिल्टर अर्ध्या मुदतीतच काढून बघा. स्पार्क प्लगची गॅप रिमॅप केलेल्या गाडीत ०.६ ते ०.७ मिलिमीटरमध्ये असू द्या. जास्त असली तर पूर्ण बूस्टवर ठिणगी विझते आणि तो झटका लोक लॅग समजतात. १.० टीएसआयसारख्या इंजिनात इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो आणि पाण्यावर चालतो. त्याचा वेगळा छोटा पंप असतो, तो मेला तर डॅशबोर्डवर लगेच कळेलच असं नाही. लॉगमध्ये इनटेक तापमान पेडल पूर्ण दाबलेल्या एका दौडीत २५-३० अंशांनी चढून खाली यायला मिनिटं घेत असेल, तर त्या पंपाकडे आणि त्या सर्किटमध्ये अडकलेल्या हवेकडे बघा.

एवढं सगळं ठीक असून ज्यांना अजूनही प्रतिसाद हवा आहे, त्यांनी पैसे कुठे घालावेत तेही सांगतो. आधी टर्बोनंतरचा अडथळा कमी करा, पण कॅटलिटिक ठेवून. मग इंटरकूलिंग. आणि एका ऑक्टेनवर स्थिर राहून त्याच पेट्रोलवर ट्यून करून घ्या. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचं आदर्श हवा-इंधन प्रमाण १४.७ नसून साधारण १३.५ आहे. ट्यूनर अजून १४.७ धरून बोलत असेल आणि लॅम्डामध्ये (आदर्श प्रमाणाच्या पटीत) मोजत नसेल, तर त्याच्याकडून अँटी-लॅगच काय, स्टेज १ सुद्धा घेऊ नये.

आता नुकसानीचं. ट्यूनर 'काही होत नाही, हजार गाड्या केल्या' म्हणतो तेव्हा नेमकं काय विचारायचं ते कळावं म्हणून हे विस्ताराने.

बहुतेक पेट्रोल टर्बो ९५० ते १०५० अंश सेल्सिअसपर्यंतच्या वायूसाठी घडवलेले असतात. पूर्ण ताकदीवर चालताना गाडी त्या मर्यादेच्या जवळच असते, पण पाय उचलल्यावर टर्बाइनला गार व्हायला वेळ मिळतो. अँटी-लॅग नेमकी हीच विश्रांती काढून घेतं. मग टर्बाइन हाउसिंगला वेस्टगेटच्या भोकाभोवती तडे जातात, एक्झॉस्टचे स्टड ताणले जाऊन तुटतात, गॅस्केट फुंकतं, बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतं. स्पार्क कापून मॅनिफोल्डमध्ये स्फोट घडवणाऱ्या प्रकारात टर्बाइनच्या पात्यांवर आणि थ्रस्ट बेअरिंगवर धक्के बसतात. नुसत्या उशिरा स्पार्कचा प्रकार त्या मानाने सौम्य आहे. आवाज कमी असतो, म्हणून तो कोणी मागत नाही.

आपल्या छोट्या टर्बो गाड्यांत एक खास अडचण आहे. टीएसआयच्या या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळा नसतोच. तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आणि पाण्याने गार होणारा असतो. म्हणजे रॅलीच्या गाडीत जी आग जाड स्टीलच्या मॅनिफोल्डमध्ये लागते, ती इथे ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये लागेल, आणि तिची उष्णता सरळ कूलंटमध्ये जाईल. मे महिन्याच्या दुपारी, एसी चालू असताना, रेडिएटरकडे तेवढी शिल्लक क्षमता नसते. ईसीयू तापमान बघून ताकद कापतो. म्हणजे तात्काळ पिकअपसाठी केलेल्या कामामुळे गाडी आणखी सुस्त होते.

कॅटलिटिकचं तसंच. तो टर्बोच्या लगेच खाली बसवलेला असतो. न जळलेलं इंधन त्यात जाऊन जळतं, आतला सिरॅमिकचा सांगाडा आधी निकामी होतो आणि पुढे वितळून वाट अडवतो. वाट अडली की टर्बाइनच्या मागे दाब वाढतो, आणि टर्बो उशिरा फिरतो. लॅग घालवायला गेलं आणि लॅग घेऊन आलं. मग कोणीतरी सुचवतं की कॅटलिटिक काढूनच टाका. तिथून पुढे पीयूसी, चेक इंजिन लाइट आणि कायदा, तिन्ही एकदम सुरू होतात.

ब्रेकचा मुद्दा सगळ्यात कमी बोलला जातो आणि सगळ्यात गंभीर आहे. ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. पाय उचलल्यावर थ्रॉटल मिटतो म्हणून अनेक गाड्यांत तो इनटेकमधून मिळतो. अँटी-लॅगमध्ये थ्रॉटल उघडा, म्हणजे नेमका ब्रेक दाबायच्या क्षणी व्हॅक्यूम नाही. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल लाकडासारखं होतं. ज्या गाडीत वेगळा व्हॅक्यूम पंप आहे तिला हा त्रास कमी, पण आहे की नाही ते आधी बघितलं पाहिजे. शिवाय इंजिन ब्रेकिंगही जातं. घाट उतरताना याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी थोडक्यात: तुम्हाला जाणवतो तो उशीर बहुधा टॉर्क कन्व्हर्टरचा किंवा गिअर बदलण्याचा आहे. एस मोड लावा किंवा गिअर हाताने धरून ठेवा. सुक्या क्लचच्या सात-गिअर डीएसजी किंवा डीसीटीवर लाँच आणि अँटी-लॅगचे प्रयोग म्हणजे क्लच पॅकचं बिल. डिझेलवाल्यांना हा प्रश्नच लागू नाही: तिथे स्पार्क नाही, थ्रॉटलवर ताकद ठरत नाही. डिझेलचा लॅग अचानक वाढला असेल तर व्हीजीटीची, म्हणजे पाती फिरवून धुराची वाट बदलणाऱ्या टर्बोची, पाती काजळीने अडकलीत का ते बघा. 'डिझेल अँटी-लॅग' म्हणून जे विकतात, तो उभ्या गाडीत काळा धूर काढायचा मॅप असतो.

एक मवाळ प्रकार आहे आणि त्याला माझी हरकत नाही. फोर्डने २०१९ च्या फोकस एसटीमध्ये दिलेलं अँटी-लॅग असं आहे: स्पोर्ट आणि ट्रॅक मोडमध्ये पाय उचलल्यावर इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल थोडा वेळ उघडा ठेवायचा, म्हणजे हवा उलटी कॉम्प्रेसरवर आदळत नाही आणि चाकाचा वेग टिकतो. मॅनिफोल्डमध्ये भट्टी पेटवायची नाही, फटाके नाहीत. तुमच्या ईसीयूत थ्रॉटल मिटण्याचा वेग आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलता येत असेल आणि ट्यूनरला ते कळत असेल, तर अर्धा-एक सेकंदापुरतं एवढं करून घ्यायला हरकत नाही. गिअर बदलताना फरक जाणवतो. व्हॅक्यूमची तपासणी मात्र इथेही करायची.

ज्यांची गाडी खरोखर ऑटोक्रॉस, रॅली किंवा टाइम अटॅकसाठी आहे, त्यांच्यासाठी पुढचं. हे काम लाखांतलं आहे, हजारांतलं नाही, आणि मूळ ईसीयूवर होत नाही. लिंक, हॉलटेक, मोटेक, ईसीयूमास्टर अशा कंपन्यांच्या स्टँडअलोन (मूळच्या जागी बसवायच्या स्वतंत्र) ईसीयूत अँटी-लॅगची सोय असते. सोबत लागतं ते असं: ३२१ किंवा ३४७ ग्रेडच्या स्टेनलेसचा जाड मॅनिफोल्ड, बाहेरचा वेस्टगेट, इन्कोनेलचं टर्बाइन चाक, सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल कूलर, टर्बोला पाण्याचं सर्किट, उष्णतेचे पडदे, ब्रेकसाठी इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप. आणि टर्बाइनच्या फ्लँजआधी दोन ते पाच सेंटिमीटरवर के-टाइप थर्मोकपल (धुराचं तापमान मोजणारा सेन्सर). तो स्वस्तातला घेऊ नका. त्याचं टोक तुटलं तर ते पहिल्यांदा टर्बाइनमध्येच जातं.

सेटिंगची सुरुवात भीत भीतच करायची. स्विच डॅशबोर्डवर, आपोआप चालू होणारं काही नको. अटी घाला: कूलंट ७० ते १०० अंश, आरपीएम ३००० च्या वर, पेडल १० टक्क्यांच्या खाली, एक्झॉस्ट तापमान ९०० च्या खाली असेल तरच चालू, आणि ९५० च्या वर गेलं की कसंही करून बंद. एका वेळी जास्तीत जास्त तीन सेकंद. स्पार्क वरच्या टोकानंतर १० अंश, थ्रॉटल ५ टक्के, लॅम्डा ०.८५ पासून आरंभ करा. मग स्पार्क पाच-पाच अंशांनी मागे न्या आणि थ्रॉटल दोन-दोन टक्क्यांनी उघडा, प्रत्येक वेळी लॉग बघत. पाय उचललेला असताना इनटेक मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या बरोबरीला किंवा थोडा वर राहिला की पुरे. दाब वाढायचा थांबला आणि तापमान वाढतच आहे, म्हणजे मर्यादा गाठली, एक पायरी मागे या. पेडल सोडलेलं असताना गाडी आपोआप पुढे ढकलली जात असेल तर हवा जास्त झाली आहे किंवा स्पार्क पुरेसा मागे नाही. सिलिंडर कापण्याचा प्रकार सगळ्यात शेवटी, गरज उरली तरच. प्रत्येक फेरीनंतर दोन-तीन मिनिटं बूस्टशिवाय चालवून मग इंजिन बंद. टर्बो दर काही कार्यक्रमांनंतर उघडून शाफ्टची हालचाल आणि हाउसिंगचे तडे बघायचे. तो टायरसारखा झिजणारा भाग आहे असंच खर्चाचं गणित मांडायचं.

कायद्याचं एकदा स्पष्ट करू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मर्यादा आहेत. कलम १८२-अ च्या पोटकलम ४ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग कलम १९०(२) खाली येतो: पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. मेडिकल चौकातून फटाके वाजवत जाणाऱ्याने आपण नेमकं कुठे आहोत ते आठवावं. फुटाळ्याला पोलीस आवाजावरूनच गाडी थांबवतात, आणि मग बॉनेट उघडलं की बाकीचंही दिसतं. वॉरंटी असेल तर फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत फ्लॅश केल्याची, म्हणजे सॉफ्टवेअर बदलल्याची, खूण सर्व्हिसच्या यंत्रणेला कळते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आड येऊ शकतो.

तुमच्या फाइलमध्ये स्टेज १ सोबत फटाके आधीच टाकलेत का, ते आजच तपासून घ्या, कारण पुष्कळदा ते न विचारता टाकलेले असतात. इंजिन पूर्ण तापल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४००० वरून पाय उचला आणि लॉगमध्ये इग्निशन टायमिंग आणि इंजेक्टरची वेळ बघा. इंजेक्टरची वेळ लगेच शून्यावर आली तर ठीक. ती सेकंदभर चालू राहिली आणि टायमिंग शून्याच्या बरंच खाली गेलं, तर ट्यूनरकडे जाऊन इंधन कापण्याचा उशीर कंपनीच्या आकड्यावर आणायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. आणि मूळ फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर मागून घ्या. पुढे गाडी विकताना किंवा सर्व्हिस सेंटरला देताना तीच लागते.